एका दिवसाच्या सहलींत पाहिलेलें युरोपीय नगर

गेल्या पावसाळ्यांत भूगोलाचा तास संपल्यावर आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें आम्हांस एक प्रश्न विचारला. युरोपांतील प्रवासाचीं कांहीं वर्णनें त्यानें नुकतींच वाचलीं होतीं. लिस्बन शहरीं राहणारा मनुष्य सकाळच्या आगगाडींत एकटाच बसतो, एव्होरा नांवाच्या जुन्या तटबंदीच्या नगरीं उतरतो, तेथील रोमन देवालयाचे खांब व पुरातन प्रार्थनामंदिर पाहतो आणि दिवेलागणीच्या सुमारास घरीं परततो, हें वाचून तो मुलगा हळहळला होता. "सर, असें एका दिवसांत पाहून येण्यासारखें नगर आपल्या नशिबीं कोठलें?" असें तो म्हणाला.

आम्हीं त्यास हंसून उत्तर दिलें कीं, युरोपीय नगर पाहण्यासाठीं युरोपांतच गेलें पाहिजे असें नाहीं. तें आपल्याच रायगड जिल्ह्याच्या समुद्रकांठीं आहे, आणि भाड्याचे पैसेही फार पडत नाहींत. उत्तर दिलें खरें, पण घरीं आल्यावर आमचें मन आम्हांस खाऊं लागलें. रेवदंड्यावरून आम्ही मुरुडास अनेक वेळां गेलों होतों. परंतु मोटारीच्या खिडकींतून तट दिसला आणि मागें पडला, याहून अधिक कांहीं आम्हीं पाहिलें नव्हतें. जें आपण स्वतः नीट पाहिलें नाहीं, तें विद्यार्थ्यांस पाहा म्हणून सांगण्याचा अधिकार आपणांस कसा पोंचतो? म्हणून मार्गशीर्षांतील एका रविवारीं आम्ही एकटेच निघालों. त्या दिवशीं जें पाहिलें, जें चुकलें आणि जें शिकलों, तें या लेखांत क्रमानें सांगण्याचा विचार आहे.

दिव्याहून रोह्याकडे जाणारी सकाळची गाडी आम्हीं पनवेल स्थानकावर पकडली. डब्यांत भाजीच्या पाट्या घेतलेल्या बाया, कारखान्यांत कामास जाणारे तरुण आणि माहेराहून परतणाऱ्या सासुरवाशिणी अशी मिश्र मंडळी होती. कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका धुक्यांतून वर आलेला दिसत होता. सोमाटणें, रसायनी, आपटा, जितें, हमरापूर अशीं लहान लहान स्थानकें घेत गाडी पाताळगंगा ओलांडून पेणेस आली. गणपतीच्या मूर्तींसाठीं सर्वत्र प्रसिद्ध असलेलें पेण तें हेंच.

येथें भूगोलाचा पहिला धडा सांगण्याजोगा आहे. हा लोहमार्ग १९८६ सालीं रोह्यापर्यंत पोंचला, आणि रोह्यापासून पुढें दक्षिणेकडे जाणाऱ्या कोंकण रेल्वेवरील सलग वाहतूक १९९८ सालीं सुरू झाली. परंतु हा मार्ग समुद्रकांठानें जात नाहीं. तो डोंगर आणि खाड्या यांच्या मधल्या भागांतून जातो. याचें कारण नकाशा पाहतांच कळतें. धरमतर, रेवदंडा, राजपुरी, बाणकोट अशा एकामागून एक खाड्यांनीं आपला किनारा कापलेला आहे, आणि खाडी जसजशी समुद्रास भिडते तसतशी ती रुंद व खोल होते. लोहमार्ग बांधणारास पाणी ही अडचण असते. म्हणून तो आंतल्या बाजूनें जातो. जहाजानें येणारास मात्र पाणी हाच रस्ता असतो. आज जें गांव आपणांस एकीकडे पडलेलें वाटतें, तें चारशें वर्षांपूर्वीं हमरस्त्यावर होतें, ही गोष्ट आम्हांस पेणच्या फलाटावर उभें राहिल्यावर प्रथम उमगली.

पेणेपासून पुढचा प्रवास एस. टी. च्या मोटारीचा. वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड आणि अलिबाग असा हा रस्ता आहे. अलिबागेस मोटार बदलून आम्ही रेवदंड्याकडे निघालों. वाटेंत आक्षी लागते. आक्षी येथें सांपडलेला शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा शिलालेख हा मराठी भाषेंतील सर्वांत जुन्या कालोल्लेखित लेखांपैकीं एक होय, असें अनेक अभ्यासक मानतात. भाषा आणि दगड यांची ही जोडी आम्हीं मनांत टिपून ठेविली. दिवस मावळण्यापूर्वीं तिचा आम्हांस निराळाच अर्थ कळावयाचा होता. पुढें नागांव, मग चौल, आणि चौलाला लागूनच रेवदंडा. दोन्ही बाजूंस नारळ-सुपारीच्या वाड्या इतक्या दाट कीं रस्त्यावर ऊन क्वचितच पडावें.

चौल हें नगर पोर्तुगीजांनीं वसविलें, अशी कित्येकांची समजूत असते. ती चुकीची आहे. दुसऱ्या शतकांतील भूगोलज्ञ टॉलेमी यानें ज्या सिमुल्ला बंदराचा उल्लेख केला आहे, तें चौलच होय असें विद्वान मानतात. अरब लोक यास सैमूर म्हणत. दहाव्या शतकाच्या आरंभीं अल् मसूदी नांवाचा प्रवासी येथें आला होता. त्यानें येथें हजारों मुसलमान व्यापारी सुखानें राहत असल्याचें लिहून ठेविलें आहे. रशियांतील अफनासी निकितिन हा व्यापारी पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत येथेंच उतरला आणि येथूनच जुन्नर व बीदरकडे गेला. त्याचा स्मारकस्तंभ रेवदंड्याच्या एका शाळेच्या आवारांत आहे. बेने इस्राएल समाजाचें प्रार्थनामंदिरही याच गांवांत आहे. इतके देशोदेशींचे लोक याच ठिकाणीं कां यावेत? उत्तर पुनः भूगोलांत आहे. कुंडलिका नदी येथें समुद्रास मिळते. तिच्या मुखाच्या दक्षिणेस कोर्लईचा डोंगर हाताच्या बोटासारखा समुद्रांत शिरलेला आहे. त्यामुळें आंत आलेल्या जहाजांस आसरा मिळतो. मागें सह्याद्रीचे घाट आहेत आणि घाटांपलीकडे दख्खनचा कापूस, कापड व बाजारपेठा आहेत. जेथें घाटावरचा बैल आणि समुद्रावरचें गलबत यांची गांठ पडते, तेथें नगर उभें राहावयाचेंच.

पोर्तुगीज आले ते या भरल्या बाजारांत. त्यांचा येथील प्रवेश रक्तानें माखलेला आहे. १५०८ सालीं ईजिप्तच्या सुलतानानें धाडलेलें आरमार अमीर हुसेन याच्या हाताखालीं येथें आलें. दिवचा अधिकारी मलिक अयाझ त्यास येऊन मिळाला. चौलच्या बंदरांत झालेल्या लढाईंत पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्कु द अल्मेदा याचा तरुण पुत्र लोरेन्सु मारला गेला. पुढल्याच वर्षीं, १५०९ त, बापानें दिवच्या समुद्रांत त्या आरमाराचा मोड केला. हिंदी महासागरावर पोर्तुगीजांचा जो धाक बसला, त्याच्या मुळाशीं चौलच्या पाण्यांतील हा एक मृत्यु आहे. कोणतेंही जहाज त्यांच्या परवान्यावांचून निघालें तर तें पकडावें, असा त्यांचा दंडक होता. या परवान्यास कर्ताज म्हणत. समुद्र सर्वांचा असतो ही किनाऱ्यावरच्या लोकांची पिढ्यान् पिढ्यांची समजूत होती; तिच्यावर प्रथमच एका राजाचा शिक्का बसला.

१५२१ सालीं अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या संमतीनें पोर्तुगीजांनीं खाडीच्या मुखाशीं किल्ला बांधण्यास आरंभ केला. किल्ल्याभोंवतीं हळूहळू नगर वाढलें. जुन्या नगरास ते वरचें चौल म्हणत आणि आपल्या नगरास खालचें चौल. तें खालचें चौल म्हणजे आजचें रेवदंडा. १५७० च्या अखेरीस मुर्तझा निजामशहानें या नगरास वेढा घातला. त्याच सुमारास विजापूरचा अली आदिलशहा गोव्यास भिडला होता. तेव्हां नगरास आजच्यासारखा सलग तट नव्हता. घरें आणि मठ यांच्याच भिंती भक्कम करून लोक लढले, आणि १५७१ त वेढा उठला. तो अनुभव घेतल्यावर नगराभोंवतीं पक्का तट उभा राहिला. १५९४ सालीं खाडीपलीकडील कोर्लईचा डोंगरही पोर्तुगीजांनीं निजामशाहीकडून जिंकला, आणि खाडीचीं दोन्ही तोंडें त्यांच्या हातीं आलीं.

एवढी माहिती पुस्तकांवरून गोळा करून आम्ही रेवदंड्यास उतरलों. म्हणून आम्हांस वाटलें कीं आतां नगर दिसेल. पण नगर कोठेंच दिसेना! मोटाररस्ता तटाच्या खिंडारांतून आंत शिरतो, आणि आंत पुनः वाड्याच वाड्या. पोफळींच्या रांगा, केळी, मधूनच एखादी विहीर, पाटाचें पाणी वाहत असलेलें. या किल्ल्यास लोक आगरकोट म्हणतात. आगर म्हणजे बागाईत; नांवांतच सर्व हकीकत सांठविलेली आहे. आम्ही कांहीं वेळ इकडून तिकडे हिंडलों आणि दमून एका वाडींतील दगडी गडग्यास टेकून उभे राहिलों. इतक्यांत वाडीच्या मालकीण, सत्तरीच्या पुढच्या एक आजी, हातांत कोयती घेऊन आल्या. आम्ही शाळेंत शिकवितों हें कळल्यावर त्या म्हणाल्या, "मास्तर, ज्याला टेकलात तो गडगा नाही हो. वर बघा."

आम्हीं वर पाहिलें. ज्यास आम्ही वाडीचा गडगा समजलों होतों ती भिंत पोफळींच्या शेंड्यांपर्यंत गेलेली होती. वर एका खिडकीची कमान होती आणि त्या कमानींत पिंपळाचें रोप वाढलेलें होतें. आम्ही एका जुन्या इमारतीच्या पोटांत उभे होतों, आणि तिला शोधीत होतों.

"आमच्या सासऱ्यांनी यातला एक चिरा कुणाला काढू दिला नाही," आजी म्हणाल्या. "लोक मागायला यायचे. घर बांधतो, दोन गाड्या दगड द्या म्हणायचे. सासरे म्हणत, आपण नाही बांधली, आपण पाडायची नाही."

या वाक्यावर आम्हीं त्या दिवशीं पुष्कळ विचार केला. ज्यांनीं ती इमारत बांधिली ते परके होते; त्यांचें राज्य गेलें, त्यांचा धाक गेला, आणि तें जाणें योग्यच होतें. त्या म्हाताऱ्यास त्या भिंतीचा कांहीं उपयोग नव्हता. उलट तिच्यामुळें चार पोफळींची जागा अडली होती. तरी त्यानें ती राखिली. इतिहासाचें रक्षण राजे आणि सरकारें करितात असें आपण समजतों; वस्तुतः पुष्कळ वेळां तें असल्या एखाद्या शब्दाच्या पक्क्या माणसानें केलेलें असतें, आणि त्याचें नांव कोणत्याही पुस्तकांत नसतें.

आजींनीं डोळे उघडल्यावर नगर दिसूं लागलें. हें जुन्या नगराच्या अवलोकनाचें मर्म आहे, म्हणून तें येथें स्पष्ट करून सांगतों. पडकें नगर पाहतांना प्रथम त्याचे दरवाजे शोधावेत. रेवदंड्यास मुख्य दरवाजे दोन : एक जमिनीकडचा व एक समुद्राकडचा. जमिनीकडच्या दरवाजानें बैल, हमाल व भाजीवाले येत. समुद्राकडच्या दरवाजानें माल, सत्ता आणि हुकूम येत. दरवाजावर कोरलेलें पोर्तुगालचें राजचिन्ह अद्यापि ओळखतां येतें. आपल्या गांवांचें तोंड देवळाकडे किंवा पाणवठ्याकडे असतें; या नगराचें तोंड समुद्राकडे होतें आणि पाठ देशाकडे. त्यानंतर उंच वस्तु पाहावी. येथें ती म्हणजे फ्रान्सिस्कन साधूंच्या मठाचा मनोरा. त्याचे वरचे मजले ढासळले आहेत, तरी लोक त्यास सातखणी म्हणतात. डॉमिनिकन, ऑगस्टिनियन, जेझुइट अशा निरनिराळ्या पंथांच्या मठांचे अवशेषही वाड्यांतून विखुरलेले आहेत. शेवटीं, दोन अवशेषांमधील मोकळी जागा पावलांनीं मोजावी. तेथें रस्ता होता कीं चौक, घरें होतीं कीं बाजार, याचा अदमास करावा. याप्रमाणें पाहिल्यावर आमच्या डोळ्यांपुढें पोफळींच्या जागीं घरें उभीं राहूं लागलीं.

मग एवढें नगर गेलें कोठें? येथें इतिहासाचा दुसरा धडा आहे. १६६१ च्या विवाहतहानें पोर्तुगीजांनीं मुंबई इंग्लंडच्या राजास दिली. मुंबईचें बंदर वाढलें तसा चौलचा व्यापार उतरणीस लागला. पुढें १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजीआप्पांनीं वसई घेतली, आणि ज्या उत्तर प्रांतांत चौल मोडत असे त्याचें मुख्य ठाणेंच गेलें. १७४० सालीं तह झाला. मराठ्यांनीं गोव्यांतील साष्टी प्रांतांतून फौजा काढून घ्याव्या आणि पोर्तुगीजांनीं चौल व कोर्लई सोडून द्यावें, असें ठरलें. तट नव्हता तेव्हां जें नगर महिनोन् महिने लढलें, तें भक्कम तट असतांना एका कागदावर दिलें गेलें. म्हणजे नगराचें बळ तटांत नसतें. ज्या कामासाठीं तें वसलें तें काम सरलें, कीं तट उभा राहतो आणि नगर निघून जातें. १८१८ नंतर इंग्रजांचा अंमल आला, तोंपर्यंत कोटांत आगर लागलें होतें.

दुपारीं गांवांतील एका लहान खाणावळींत भात व माशांचें कालवण जेवून आम्ही मुरुडकडे जाणारी मोटार पकडली. खाडीवरील पूल ओलांडून, साळाव मागें टाकून, कोर्लईस उतरलों. डोंगरावर चढून किल्ला पाहिला. एकामागून एक दरवाजे, प्रार्थनामंदिराचे अवशेष, पडलेल्या तोफा, आणि दोहों बाजूंस समुद्र. उत्तरेस खाडीपलीकडे रेवदंड्याची हिरवी रेघ दिसत होती. तोफेचा मारा येथून बंदरावर कसा होत असेल तें पाहतांच समजतें. कोर्लई ज्याच्या हातीं त्याचें चौल, हें सांगण्यास पुस्तकाची गरज उरत नाहीं.

आम्हांस वाटलें, येथें सहल संपली. खरी सहल पुढेंच होती.

डोंगर उतरून गांवांत आलों. कोर्लई हें कोळी व ख्रिस्ती वस्तीचें गांव. माउंट कार्मेलच्या प्रार्थनामंदिरावरून जातांना एका घराच्या ओट्यावर एक वृद्ध गृहस्थ आपल्या नातवास कांहीं सांगत होते. चाल ऐकतां मराठीच वाटावी. पण शब्द एकही कळेना. आम्ही थबकलों. आमच्याबरोबर कोणी सोबती असता तर आम्ही त्याच्याशीं बोलत पुढें गेलों असतों. एकटे होतों म्हणून ऐकत उभे राहिलों. गृहस्थांनीं आम्हांस ओट्यावर बसविलें, पाणी दिलें, आणि स्वच्छ मराठींत विचारलें, "कुठून आलात?"

आम्हीं म्हटलें, "काका, आपण आतां नातवाशीं बोलत होतां ती कोणती भाषा?"

"आमची घरची. आम्ही तिला नो लिंग म्हणतो. म्हणजे आपली भाषा."

ही भाषा म्हणजे १७४० नंतर मागें राहिलेल्या लोकांची ठेव आहे. पोर्तुगीज अधिकारी गोव्यास गेले; पण किल्ल्याच्या आश्रयानें राहणारीं गरीब ख्रिस्ती कुटुंबें येथेंच राहिलीं. भाषाशास्त्र असें सांगतें कीं, निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या माणसांना जेव्हां एके ठिकाणीं राहावें व राबावें लागतें, तेव्हां त्यांच्यांत एक सोपी, मिश्र बोली तयार होते. आणि मुलें ती आईच्या तोंडून शिकलीं कीं ती पूर्ण भाषा बनते. अशा भाषेस क्रिओल म्हणतात. कोर्लईच्या भाषेंतील बहुतेक शब्द पोर्तुगीज मुळाचे आहेत. परंतु पोर्तुगीज मनुष्य 'मी खातों भात' या क्रमानें वाक्य रचतो, आणि आपण 'मी भात खातों' असें म्हणतों. कोर्लईच्या लोकांनीं शतकानुशतकें मराठीच्या शेजारांत राहून क्रियापद वाक्याच्या शेवटीं नेलें. वस्तु परदेशची, पण मांडणी आपल्या घरची! म्हणूनच दुरून ऐकतां ती मराठी वाटली. क्लेमेंट्स नांवाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानें या भाषेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला असून तो १९९६ सालीं प्रसिद्ध झाला आहे. ती बोलणारे लोक मात्र सुमारें एक हजारच आहेत.

आम्हीं काकांस विचारलें, "ही भाषा पुढें टिकेल का?"

काकांनीं नातवाकडे पाहिलें. "शाळेत मराठी, बाजारात मराठी. मुलगा मुंबईस असतो, तिथे आणखी तिसरी. हा सुट्टीला येतो तेव्हा मी याच्याशी हीच बोलतो. मी बोलेन तोवर आहे. पुढचं याच्या हातात." एवढें बोलून त्यांनीं मुलास पुनः कांहीं विचारलें. मुलानें लाजत लाजत, थोडे आपले व थोडे मराठी शब्द मिसळून, उत्तर दिलें. काकांनीं चुकलेला शब्द सुधारला. मुलानें तो पुनः उच्चारला.

आम्हीं जगांतील कित्येक शाळा पाहिल्या नसतील, पण त्या ओट्यावरच्यासारखी शाळा पाहिली नव्हती. रेवदंड्यास एका म्हाताऱ्यानें चिरा राखला. कोर्लईस दुसरा म्हातारा शब्द राखीत आहे. फरक एवढाच कीं, चिरा पडला तरी कांहीं दिवस जमिनीवर पडून राहतो आणि पुढें कोणी तो उचलून पुनः बसवूं शकतो. शब्द पडला तर तो कोठेंही पडलेला सांपडत नाहीं.

आतां आपल्या स्वतःच्या तोंडाकडे वळूं या. आपण सकाळीं पाव खातों. हा शब्द पोर्तुगीजांचा. कुलपाची चावी त्यांची, दरवाजाची बिजागरी त्यांची, गवंड्याचें घमेलें त्यांचें. बटाटा, अननस, पपई व काजू हीं अमेरिकेंतील पिकें त्यांच्याच जहाजांतून आपल्याकडे आलीं आणि नांवेंही बरोबर घेऊन आलीं. नोकरास मिळणारा पगार आणि बाजारांतील लिलाव हे शब्दही त्यांच्याच भाषेंतून आलेले आहेत. चौल सोडून गेलेलें नगर आपल्या स्वयंपाकघरांत आणि बाजारांत अद्यापि नांदत आहे. कर्ताज हा शब्द मात्र आपण विसरलों. लोकांनीं जुलमाचा शब्द टाकिला आणि पावाचा ठेविला, यांत जनतेचें शहाणपण दिसून येतें.

ओट्यावर बसल्यावर वेळेचें भान राहिलें नाहीं. अलिबागेस पोंचेपर्यंत अंधार पडला, आणि पेणेस जी गाडी धरावयाची होती ती केव्हांच निघून गेली होती. पनवेलची एस. टी. मिळाली व तींत उभ्यानें प्रवास करावा लागला. दोष सर्वस्वीं आमचाच. एकट्यानें प्रवास करणारास घड्याळाची आठवण करून देणारें कोणी नसतें, हें या सहलीचें व्यावहारिक तात्पर्य. सकाळीं निघतांना परतीच्या गाड्यांच्या वेळा कागदावर लिहून खिशांत ठेवाव्यात.

परंतु एकट्याच्या प्रवासाचा एक मोठा लाभही आहे. चार मित्रांबरोबर गेलेला मनुष्य आपल्या मित्रांशीं बोलतो. एकट्यानें गेलेल्या मनुष्यास रस्ता, पाणी व माहिती यांसाठीं त्या गांवच्या माणसांशींच बोलावें लागतें. रेवदंड्याच्या आजी आणि कोर्लईचे काका आम्हांस भेटले ते आम्ही एकटे होतों म्हणून. लहान विद्यार्थ्यांनीं अर्थात् वडील माणसांबरोबरच जावें. पण तेथें गेल्यावर घटकाभर गप्पा बंद ठेवून ऐकावें.

ज्या विद्यार्थ्यानें आम्हांस प्रश्न विचारला होता, त्यास आम्हीं दुसऱ्या दिवशीं ही हकीकत सांगितली. त्यानें विचारलें, "सर, मग एव्होरा पाहूंच नये काय?" अवश्य पाहावें! जग पाहण्याची हांव चांगलीच आहे. परंतु एव्होराच्या तटाशीं उभा राहिल्यावर तेथें काय पाहावयाचें हें ज्यानें आधीं रेवदंड्यास शिकून घेतलें आहे, त्यासच तेथें कांहीं दिसेल. नाहीं तर तो तेथेंही भिंतीस टेकून उभा राहील आणि नगर कोठें आहे म्हणून विचारील.

आमच्या वाचक विद्यार्थिमित्रांस सुट्टींत करण्यासाठीं थोडा अभ्यास सुचवून हा लेख पुरा करितों. आपल्या गांवाजवळचें एक जुनें स्थळ निवडा आणि तेथें दिवसभर राहा. तें स्थळ तेथेंच कां वसलें, याचें उत्तर नकाशांत शोधा. त्याचे दरवाजे कोणत्या दिशांस आहेत व कां, तें लिहा. तें कां ओस पडलें, याचीं दोन कारणें द्या. घरांतील वस्तूंचीं नांवें घेऊन त्यांतील कोणते शब्द कोणत्या भाषेंतून आले तें शोधा. आणि शेवटचें, पण सर्वांत अगत्याचें : आपल्या आजोबा-आजींच्या तोंडचे असे दहा शब्द लिहून आणा, जे तुम्ही समजतां पण बोलत नाहीं. ते वर्गांत मोठ्यानें वाचूं, आणि ज्यास ज्याचा अर्थ ठाऊक असेल तो त्यानें इतरांस सांगावा.